अण्णांच्या नावाचा एक दिवस

अण्णा गेले त्या पहाटे दादाने काउंटरवर चेकबुक काढलं आणि विचारलं, "किती झाले?" समोरच्या सिस्टर म्हणाल्या, "इथे बिल नसतं." दादाला ते नीट कळलं नसावं. "मग देणगी म्हणून घ्या," तो म्हणाला. सिस्टरांनी चेकबुक हलकेच त्याच्याकडे सरकवलं. "आज नाही. पेशंट असेपर्यंत आणि त्यानंतर महिनाभर आम्ही घरच्यांकडून काही घेत नाही. महिन्याने या, चहा प्यायला या."

त्या महिन्याभरात आम्ही घरच्यांनी जे जे करून ठेवलं, त्याची ही नोंद. मी या घरचा जावई; अण्णा माझे सासरे, दादा थोरला मेव्हणा. बँकेत नोकरी केलेली, म्हणून पैशांचं माझ्याकडे आलं. चुकांपैकी पहिली आणि सगळ्यात मोठी माझीच होती, तेव्हा लिहिण्याचा अधिकारही माझाच.

अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते आणि एसटी दोघंही 1948 चे, आणि हे ते कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. तंबाखू-चुना पन्नास वर्षं. गालाच्या आत जखम झाली ती दोन महिने 'दात लागतोय' म्हणून काढली. निघाला तो कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, दीड वर्षाने तेच परत उठलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता बरं करण्याचं काही राहिलेलं नाही, त्रास कमी करण्याचं पुष्कळ आहे. हे दुसरं वाक्य आमच्यापैकी कुणी ऐकलंच नाही.

घरी आम्ही सात आठवडे काढले. दुखण्यापेक्षा वासाने माणूस खचतो, हे मी तेव्हा पाहिलं. गालाची जखम बाहेर फुटली होती आणि तिचा वास जिन्यापर्यंत यायचा. अण्णांनी नातवंडांना खोलीत येऊ देणं बंद केलं. बोलता येत नव्हतं, नाकातून नळी होती, म्हणून उशाशी शाळेतली पाटी ठेवली होती. त्यावर एकदा लिहिलं, 'पोरांना गावी पाठवा.'

पुण्याच्या बाजूचं वीस खाटांचं हे हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा शेवटचा त्रास कमी करणारी जागा, कुणीतरी सुचवलं. तिथे पहिल्याच दिवशी एका सिस्टरने जुलाबावर देतात ती मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरली, वर साधी पट्टी. रोज तसंच. चारपाच दिवसांत वास जवळजवळ गेला. गोळी पाचदहा रुपयांच्या आतली. आमच्या सात आठवड्यांत ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती, आणि आम्ही विचारलीही नव्हती. मॉर्फिनचंही, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाचंही, तसंच. गावातल्या मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी बघूनच मान हलवली होती. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने एकेका राज्यात इतके परवाने लागायचे की बहुतेकांनी ते औषध ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा दुरुस्त होऊन मान्यताप्राप्त संस्थांची वाट सोपी झाली, पण सवय अजून मोडलेली नाही. या हॉस्पिसकडे ती मान्यता होती. दर चार तासांनी नळीवाटे औषध जायचं, रात्री दोन वाजता सुद्धा, आणि ते द्यायला कुणीतरी जागं असायचं.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'पंपाचा वॉशर गेलाय.' आम्हाला कळेना. मग लक्षात आलं, पाठीखालच्या हवेच्या गादीचा पंप घरघरत होता. पंप उघडला तर वॉशर खरोखरच गेलेला. त्या दिवशी नातवंडं आली.

एकोणीस दिवसांनी, 2022 च्या नोव्हेंबरात, ते गेले.

नातेवाइकांत मात्र वेगळीच कुजबुज होती. "दोन मुलगे असून बापाला आश्रमात टाकलं." हा 'टाकलं' शब्द दादाला फार लागला, आणि पुढच्या निधीसंकलनामागे भक्तीइतकाच तोही होता असं माझं मत आहे. खरं तर ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सिसली सॉन्डर्स यांनी लंडनला 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथून आजच्या हॉस्पिसची घडी बसली. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्याच मुंबईत, वांद्र्याला, 1986 मध्ये उघडलं: शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. (अण्णा होते ती संस्था या दोन्हींहून वेगळी आणि बरीच लहान.) तरीही आपल्या बोलण्यात त्यासाठी शब्द वृद्धाश्रमाचाच वापरतात, आणि क्रियापद 'टाकणे'.

दहाव्याला घाटावरून परत येताना दादा म्हणाला, "तेराव्याला गावजेवण घालायचं नाही. त्या हॉस्पिसला अण्णांच्या नावाची एक खोली बांधून द्यायची. दारावर संगमरवरी पाटी." धाकटा मेव्हणा न्यू जर्सीहून फोनवर होता. पाच लाखांचा आकडा त्याने तिथूनच सुचवला. संध्याकाळपर्यंत मजकूर तयार झाला:

'आमचे परमपूज्य वडील कै. अण्णा यांच्या पुण्यस्मरणार्थ रुग्णांसाठी सुसज्ज खोली बांधण्याचा संकल्प सोडला आहे. तरी सर्वांनी सढळ हाताने मदत करावी ही नम्र विनंती.'

खाली माझ्या बचत खात्याचा क्यूआर कोड.

संस्थेला आम्ही विचारलं नव्हतं. खोली हवी का, एवढं सुद्धा नाही. आणि खातं माझं का? तर मोबाइलमध्ये कोड तयार होता आणि 'जावई म्हणजे त्रयस्थ, कुणी बोट दाखवणार नाही.' बत्तीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाने हे हसून मान्य केलं.

तीन दिवसांत 74 जणांनी 1,86,000 रुपये टाकले. आत्यांचा फोन आला. "माझ्या भावाच्या नावानं झोळी फिरवताय? त्याने आयुष्यात कुणाकडून चहाचे पैसे घेतले नाहीत." आत्यांनी पुढेही एक पैसा दिला नाही, आणि मला वाटतं त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

मग दादाच्या एका मित्राने साधा प्रश्न विचारला: "80 जीची, देणगीवर करसवलत मिळते ती पावती कधी देताय?" तो गावात सीए आहे. मी म्हणालो, संस्था देईल. तो म्हणाला, "कुणाच्या नावाने? पैसे तर तुमच्या खात्यातून जाणार."

झालं. संस्थेच्या लेखी 1,86,000 रुपयांचा देणगीदार मी एकटा. पावती माझ्या नावाची, प्राप्तिकर खात्याकडे संस्था वर्षाअखेर देणगीदारांची जी यादी पाठवते त्यात पॅन माझा, आणि जुन्या करपद्धतीत त्यावर मिळणारी निम्म्या रकमेची वजावट घेणाराही मीच. पैसे 74 जणांचे. वर त्याने दुसरी गोष्ट सांगितली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 क. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. गणपती मंडळं हा कागद दर वर्षी करतात. दादा स्वतः वीस वर्षं मंडळाचा खजिनदार होता, पण घरच्या दुःखाला मंडळाचा नियम लागू होईल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच.

त्याचा सल्ला एका ओळीचा होता. ज्याचे त्याला परत करा, आणि ज्याला द्यायचेत त्याने थेट संस्थेच्या खात्यात द्यावेत.

परत करणं हे गोळा करण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. लोक पैसे परत घेईनात. एका चुलत सासऱ्यांनी सुनावलं, "मेलेल्या माणसाच्या नावाने सोडलेला पैसा परत घरात घेऊ? तुम्हाला काही कळतं का?" मी पावती, पॅन, वजावट सगळं समजावलं. ते म्हणाले, "मला पावती नको. मला तो पैसा नको." त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. पाणी सोडून दिलेली गोष्ट परत उचलत नाहीत.

शेवटचा हिशेब असा लागला. 74 पैकी 52 जणांनी परत आलेले पैसे संस्थेला थेट पाठवले, 1,41,500 रुपये. नऊ जणांना परत गेलेले 16,000 पुढे कुठे पोचले नाहीत. त्याबद्दल आम्ही कुणाला विचारलं नाही, कुणाकडे हॉस्पिटलचं बिल असेल, कुणाकडे पोराची फी. उरलेल्या 13 जणांनी घेण्यास साफ नकार दिला. त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि 28,500 रुपये माझ्या नावाने संस्थेला भरले. त्या पावतीवर मी वजावट घेतली नाही. कागद अजून फाइलला आहे.

डेपोचं पाकीट वेगळंच. अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या एका मेकॅनिकने ते आणून दिलं. सत्तावन्न जण, माणशी दोनशे, सगळं रोख, 11,400. पाकिटाला ग्रीसचा अंगठा लागलेला. संस्थेने नावं-पत्ते मागितले, कारण निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की संस्थेलाच कर पडतो. यादी आली तर त्यात अठरा जणांच्या नावापुढे फक्त टोपणनावं: 'बाळ्या वायरमन', 'काका टायर'. ती दुरुस्त करायला मी दोन दिवस डेपोत बसलो. त्या दोन दिवसांत अण्णांबद्दल जे ऐकलं ते घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. एसटीच्या संपाच्या महिन्यांत, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली असताना, त्यांनी तिघांच्या घरी महिन्याचं धान्य भरलं होतं. ते पैसे परत घ्यायला आता अण्णा नव्हते, म्हणून हे पाकीट होतं.

धाकट्या मेव्हण्याचं प्रकरण सगळ्यात कडू. त्याने दीड लाख द्यायचे ठरवले होते. पण 2019 पासून तो अमेरिकेचा नागरिक. तो भारताच्या पासपोर्टवर असता तर त्याच्या स्वतःच्या कमाईचे पैसे बँकेमार्फत देशी देणगीसारखेच चालले असते. नागरिकत्व बदललं की परदेशी योगदान कायदा लागतो. मग संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी हवी आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यायला हवा. या छोट्या संस्थेकडे ती नोंदणी नव्हती.

तो म्हणाला, "आईच्या खात्यात टाकतो, ती देईल." आईला तो हवे तितके पैसे पाठवू शकतो, त्याला अडचण नाही. पण तेच पैसे तिने पुढे संस्थेला दिले तर कायद्याच्या व्याख्येतच आहे की एक किंवा अनेक हातांतून फिरून आलं तरी ते परदेशी योगदानच. संस्था अडचणीत आली असती, आपण नाही. हे त्याला फोनवर सांगताना मी शब्द शोधत होतो. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे बापासाठी मी परदेशी." त्याला उत्तर नव्हतं. आजही त्या यादीत त्याचं नाव नाही. आईचं औषधपाणी तो तेव्हापासून बघतो, पण ते वेगळं, हे त्यालाही माहीत आहे.

महिना झाल्यावर आम्ही चहाला गेलो. आई, दादा, वहिनी, मी आणि ही. व्यवस्थापक मॅडमनी आम्हाला मागची बाजू दाखवली. तिथे दोन खोल्या तयार होत्या. कुलूप लावलेल्या. आत खाटा, गाद्या, भिंतीला ऑक्सिजनची पाइपलाइन. बाहेर एकेका दात्याची संगमरवरी पाटी.

"बंद का?" दादाने विचारलं.

"रात्रपाळीला मावशी नाहीत," मॅडम म्हणाल्या. "चार खाटांना रात्री निदान दोन जणी लागतात. अंग फिरवायचं, नळीने भरवायचं, तोंड पुसायचं. खोली लोक देतात हो, पगार कुणी देत नाही."

त्यांनी महिन्याचा खर्च समोर ठेवला. वीस खाटांचा सगळा मिळून रोजचा खर्च 38 हजारांच्या आसपास. निम्म्याहून जास्त पगार. मग जेवण, दूध, डायपर, ड्रेसिंगचं सामान, जनरेटरचं डिझेल. औषधं अगदी खाली, बारीकशी ओळ. अण्णांना ज्या दोन गोष्टींनी आराम पडला त्यातली एक पाचदहा रुपयांची होती आणि दुसरी रात्री दोनला जागी होती. दोहोंवर पाटी कुठे लावणार?

दादा चिडला. "मग काय डायपरवर अण्णांचं नाव छापायचं?"

वहिनींनी डोळे मोठे केले. मॅडम मात्र हसल्या, हा प्रश्न त्यांना नवा नसावा.

तोडगा आईने काढला, म्हणजे निदान तिथून सुरुवात झाली. तिच्या सासूबाईंनी गावच्या देवीला 1974 मध्ये 501 रुपये कायम ठेव दिली होती. त्याच्या व्याजातून दर चैत्र पौर्णिमेला अभिषेक. अजूनही दर वर्षी पाकिटातून अंगारा आणि खडीसाखर येते, वर सासूबाईंचं नाव. "भिंतीवर कुठे आहे त्यांचं नाव?" आई म्हणाली. "पौर्णिमेवर आहे."

सगळ्यांना ते पटलं, आणि नेमकं तेव्हा मला बँकवाल्याचं तोंड उघडावं लागलं. 1974 मध्ये 501 ही अण्णांच्या दीडदोन पगारांची रक्कम होती. आज सात टक्क्यांनी तिचं व्याज 35 रुपये, त्यात नारळ सुद्धा येत नाही. देवस्थान अंगारा पाठवतं तो स्वतःच्या पदरचं टपाल लावून, शब्द पाळायचा म्हणून. आपण चारपाच लाखांची ठेव केली तर आज वर्षाला तीसेक हजार येतील, वीस वर्षांनी तेच तीस हजार. संस्थेचा पगार मात्र तिथेच थांबणार नाही. कायम निधीला माझा सरसकट विरोध नाही. मोठ्या संस्थेला तो आधार असतो, देणाऱ्याने तसं लेखी दिलं की मुद्दल बाजूला राहतं. पण जिथे या महिन्याला मावशी नाहीत म्हणून खोली बंद आहे, तिथे पैसा कपाटात ठेवून त्याचं व्याज खाणं मला पटेना. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग दर वर्षी आपणच भरू की. पौर्णिमा कुठे जाते?"

म्हणून असं ठरलं. या वर्षी जमलेलं सगळं याच वर्षी खर्चायला द्यायचं. आणि पुढे दर वर्षी अण्णांच्या तारखेला संस्थेचा एका दिवसाचा खर्च आपण उचलायचा. जमेल तितका लोकांकडून, उरेल तो घरातून.

नवा मजकूर हिने लिहिला:

'अण्णा शेवटचे एकोणीस दिवस जिथे होते तिथे दोन खोल्या बंद आहेत, कारण रात्री तिथे थांबायला माणूस नाही. एका मावशीचा महिन्याचा पगार 13,500 रुपये आहे. आम्ही दोघींचा वर्षाचा पगार जमवतोय. पैसे आम्हाला देऊ नका. खाली संस्थेचं खातं आहे, पॅन कळवलात तर पावती संस्था तुम्हालाच पाठवेल. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका.'

'परमपूज्य' गेलं, 'संकल्प' गेला, 'सढळ हाताने' गेलं. या मजकुरावर थेट संस्थेकडे आणखी 1,63,000 आले. आमच्या आणि दादाच्या घरचे पन्नास-पन्नास हजार धरून एकूण 4,44,400. दोन मावशींचा वर्षाचा पगार 3,24,000. उरलेल्या रकमेबद्दल दादा म्हणाला, "व्हीलचेअर घेऊ या." मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे अकरा आहेत." शेवटी पत्रात लिहून दिलं की उरलेले पैसे संस्थेला योग्य वाटेल तिथे वापरावेत. ती सही करायला दादाला चार दिवस लागले. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठी देणगी ती होती, पण हे त्याला सांगायची सोय नाही.

जानेवारीत एक खोली उघडली. दुसरी उघडायला जून उजाडला, कारण पगार असूनही रात्रपाळीला बाई मिळेना. पैशाने सगळं होत नाही हे मॅडम आधीपासून सांगत होत्या. केरळात, मलप्पुरमकडे, हे काम शेजारपाजारचे लोकच करतात. दुकानात डबे असतात, महिन्याला थोडेथोडे पैसे पडतात, आणि तेच लोक आठवड्यातून एकदा पेशंटच्या घरी जातात. आपल्याकडे पैसे पाठवणारे पुष्कळ, येऊन बसणारे कमी. आमच्या घरातून नियमित जाते ती एकटी वहिनी. दर गुरुवारी नखं कापते, केस विंचरते. तिने कधी कुठल्या मजकुरावर सही केली नाही.

पहिल्या वर्षश्राद्धाला, म्हणजे 2023 च्या नोव्हेंबरात, नव्याने विचारलं. 74 चे 23 झाले होते. जमले 41,000. दिवस निघाला, वर तीन हजार उरले. दादाला आकडा लागला. मी त्याला म्हणालो की मंडळाचीही वर्गणी दुसऱ्या वर्षी उतरते, तेव्हा तो कुठे थोडा हसला. धाकटा त्या आठवड्यात आला होता. पैसे देता येत नव्हते, म्हणून तो रोज सकाळी जाऊन बसायचा. एका आजोबांना क्रिकेटचे स्कोअर वाचून दाखवायचा. निघताना त्या आजोबांनी त्याला मराठीत इतकं चांगलं कसं येतं म्हणून विचारलं.

हॉस्पिसच्या दारात एक काळा फळा आहे. त्यावर तो दिवस ज्याच्या नावाचा, त्याचं नाव खडूने लिहितात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुसतात. दादाला तो फळा पहिल्यापासून खुपत होता. त्या दिवशी अण्णांच्या नावाखाली आणखी एक नाव होतं, कुणा आजींचं.

"निम्मा-निम्मा केलात का?" त्याने मॅडमना विचारलं.

"नाही हो. त्यांच्या मुलीने आजचं दूध आणि जेवण दिलंय. काल रात्रीपासून लाइट नाहीत, तुमचे पैसे जनरेटरच्या डिझेलला गेले."

मागच्या अंगणात जनरेटर धडधडत होता. दादा तिकडे वळला, थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज बरोबर येत नाहीये." मग बाह्या वर करून तो त्याच्याकडे चालू लागला.